कांतीशेठची ब्लू-ब्लॅक

शाईची बाटली मागायला आलेल्या माणसाला कांतीशेठ रंग विचारत नसत. ‘लिहिलेलं किती दिवस टिकायला पायजे?’ असं विचारत. गिऱ्हाईक बावचळून जायचं. शाईचं काय, निळी द्या नाहीतर काळी द्या, पण दुकानदारानं असं काही विचारावं हे त्याच्या ध्यानीमनी नसायचं. बारावीच्या एका मुलीनं मात्र पटकन सांगितलं होतं, ‘पेपर तपासून होईपर्यंत.’ शेठ एवढे खूश झाले की तो दिवसभर दुकानात येईल त्याला तिचं उत्तर ऐकवत सुटले.

हा प्रश्न ते विचारायला लागले शेवटच्या वर्षभरात. त्याआधीची चाळीस वर्षं त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. तो का बदलला हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी तो बदलला त्या दिवशी मी त्यांच्या काउंटरशी उभी होते आणि खरं सांगायचं तर थोडा दोष माझाही होता. शेठ गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं तर शाईच्या पेननंच लिहायला हवं, नाहीतर वरून ओरडतील, म्हणून तेच घेऊन बसले आहे.

ओतूरच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं दुकान. रुंदी एवढीच की दोन जाड माणसं एकदम आली तर एकाला बाहेर थांबावं लागे. वह्या, खडू, नकाशे, कंपासपेट्या, गणपतीच्या दिवसांत घोटीव कागद, असं सगळंच ते विकत. पण जीव होता तो मागच्या काचेच्या कपाटात. तिथं पेनं. आजोबा राजस्थानातून आले, वडील ओतूरला वाढले आणि शेठची भाषा तर आमच्या बोरीच्या माणसालाही गावंढळ वाटावी इतकी इथली. उंचीला बेताचे, पांढरा सदरा, गळ्यात सुतळीनं बांधलेलं भिंग. डॉक्टर लोक जशी नळी गळ्यात घालतात तसं ते भिंग घालून हिंडायचे. देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातही, जाताना काढायला विसरायचे, मग त्यांची बायको, आमच्या वहिनी, मागून ओरडायच्या.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्या पगाराचं पेन घ्यायला त्यांच्याकडे गेले. कपाटात एक मरून रंगाचं पेन होतं, सोनेरी क्लिपचं. माझं ठरलंच होतं. मी बोट दाखवलं.

‘ते ऱ्हाऊ द्या,’ शेठ म्हणाले. ‘आधी लिहून दाखवा.’

तेव्हाचा त्यांचा पहिला प्रश्न हा. प्रश्न कसला, हुकूमच. समोर चार प्रकारचे कागद ठेवले. शाळेची वही कुठली वापरता, पेपर कुठल्या कागदावर तपासता, घरी पत्रं लिहिता का, अशी चौकशी झाली. मग दौतीत बुडवून एक साधी निब हातात दिली. मी माझं नाव लिहिलं. ‘नाव नगं. नाव सगळेच झोकात लिहितात. रोजचं काहीतरी लिहा.’ मी मुलांना द्यायचा गृहपाठ लिहिला. त्यांनी कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवलं.

‘बोरीच्या का?’

मी हबकले. ‘तुम्हाला कसं कळलं?’

‘बोरीचं न्हाई कळलं, ते तुमी मगाशीच बोलला. हात पाटीवर शिकलेला हाय हे कळलं. पाटीवर दाबल्याशिवाय उमटत न्हाई. तुमी कागदाला बी पाटीच समजता.’ मरून पेनाची निब बारीक आणि लवचिक होती, माझ्या हातात महिनाभरात तिचे दोन पाय फाकले असते. त्यांनी मला दिलं ते काळं, जाडजूड, ड्रॉपरनं शाई भरायचं पेन, टणक निबेचं. दिसायला अगदीच भाजीवाल्या मावशींसारखं. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाले, ‘रंग बघून घ्यायचं तर शेजारी साडीचं दुकान हाय, राव.’ मी रागावून घेतलं आणि रागावूनच निघाले. तेच पेन आज माझ्या हातात आहे.

‘आधी कागद, मग हात, मग शाई. पेन शेवटी.’ हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. लोक नेमके उलटे येत. आधी पेन आवडायचं, मग शाई कुठली ते सुचायचं, कागदाचा तर विचारच नाही, आणि मग वहीवर शाई फुटली की पेनाच्या नावानं शंख. हल्ली वह्यांचा कागद इतका भुसभुशीत झाला आहे की शेठ नवा माल आला की प्रत्येक गठ्ठ्यातून एक पान काढून त्यावर रेघ ओढायचे. रेघेला मिशा फुटल्या की तो गठ्ठा खालच्या फळीवर. ‘ही सळईवाल्यांची वही,’ म्हणायचे. बॉलपेनला ते सळई म्हणत. विकत मात्र असत, कारण घर चालवायचं होतं. पण विकताना मान वळवून घ्यायचे.

त्यांचं स्वतःचं पेन त्यांच्या वडिलांचं होतं. त्याला कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पोस्टमननं सहीला मागितलं तर द्यावंच लागे, पण टोपण आपल्या मुठीत ठेवून नुसतं पेन पुढं करायचे. बिनटोपणाचं पेन घेऊन माणूस कुठं जाणार? मला वाटतं बायकोमुलांनंतर त्यांनी ज्या कशावर माया केली ती निबांवर. तुंबलेलं पेन कुणी आणलं की ते उघडून, निबेखालची काळी जीभ बाहेर काढून, कोमट पाण्यात तिला न्हाऊ घालायचे. ‘काय भरलं व्हतं हिच्यात?’ असं गिऱ्हाइकाला विचारताना त्यांचा सूर दवाखान्यातला असायचा. तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा ब्लू-ब्लॅकच असे. ती पक्की शाई. कागदावर काळी पडत जाते, पाण्यानं जात नाही, पण पेनात राहिली की साका धरते, लोखंडी निबेला खातेसुद्धा. म्हणून शेठ शक्यतो कुणाला ती देत नसत. साधी निळी द्यायचे. ‘ही पेनाला आईसारखी. कवाबी धुवा, निघून जाती.’

हिरव्या शाईबद्दल त्यांचं शास्त्र आणखी कडक. हिरव्या शाईनं सही करायची ती साहेबानं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. त्यामुळं कुणी हौसेनं हिरवी मागितली की ते गंभीरपणे म्हणत, ‘ऑर्डर दाखवा.’ आंबेगावच्या डोंगरातली एक मुलगी परीक्षा पास होऊन खरंच नेमणुकीची ऑर्डर घेऊन आली होती. शेठनी ती उभं राहून शेवटपर्यंत वाचली, घडी नीट करून परत दिली आणि बाटली दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. ती गेल्यावर बराच वेळ त्यांनी कुणाशी भांडण काढलं नाही.

भांडण म्हणजे गिऱ्हाइकाशी. मंचरचे एक कांद्याचे आडतदार दिवाळसणाला जावयाला द्यायला भारीतलं पेन घ्यायला आले. शेठ म्हणाले, ‘पावणं, ज्याला द्यायचं त्याला घेऊन या.’ जावई पुण्यात कंपनीत, तो कसा येणार? आडतदार चिडले. पैसे देतो म्हणतोय तर याला हात बघायचाय! शेवटी तोड निघाली. आडतदारांनी मोबाईलवरून जावयाला व्हिडिओ लावला आणि शेठनी त्या पडद्याला भिंग लावलं. ‘जावईबापू, चार ओळी लिहा बघू.’ जावई बिचारा ऑफिसात. आधी पेन शोधायला पाच मिनिटं गेली. मग कागद मिळेना. मग त्यानं कुठल्याशा पाकिटाच्या पाठीवर काहीतरी खरडलं. शेठनी भिंग खाली ठेवलं आणि आडतदारांना हळूच सांगितलं, ‘ह्ये न्हाई लिहीत. यांना घड्याळ द्या.’ आणि समोरच्या घड्याळाच्या दुकानात स्वतः नेऊन सोडलं.

असा माणूस चुकेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःला तर नाहीच.

आता थोडं आमच्या बोरीबद्दल सांगावं लागेल. बोरी बुद्रुकला कोंडाआजी नावाच्या सुईण होत्या. आमच्या गावात सरकारी दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली त्याआधीची दोन पिढ्यांतली बहुतेक माणसं त्यांच्या हातावर जन्मली. मीही. आता आमच्या वयाच्या कुणालाही वाढदिवस विचारा, एक जून सांगेल. पहिलीत नाव घालताना बापाला तारीख माहीत नसायची, मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. मी निवृत्त झाले तेव्हा तालुक्यातले कितीतरी मास्तर एकाच दिवशी निवृत्त झाले. हार मिळेनात. खरी तारीख फक्त कोंडाआजींच्या डोक्यात. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण कोण कधी झालं, त्या वेळी रानात काय उभं होतं, कुठला सण जवळ होता, हे त्यांना पाठ होतं.

त्यांची सून विमल अंगणवाडीत होती. आजी नव्वदीकडे झुकल्या, तेव्हा विमलनं ठरवलं की हे सगळं लिहून घ्यायचं. चांगलं काम, म्हणून चांगलं पेन हवं. मीच तिला कांतीशेठकडे पाठवलं. शेठ हरखले. अंगणवाडीची रजिस्टरं लिहून तिचं अक्षर बारीक आणि गोल झालं होतं. त्यांनी तिला अत्यंत नाजूक निबेचं पेन निवडून दिलं, चांगली जाड कागदाची दोनशेपानी वही दिली आणि निबेच्या काळजीनं, साधी निळी शाई दिली. मला दुकानात बोलावून घेऊन ते अक्षर दाखवलं. ‘असा हात वर्षात एखादा येतो,’ म्हणाले.

विमल दीड वर्ष लिहीत होती. दुपारी भाकरी झाल्या की सासूच्या खाटेशी बसायची. वही पूर्ण भरली, तेव्हा मी म्हटलं, घेऊन ये, आपण ती छापून घेऊ, प्रत्येक घरात एक प्रत देऊ. भेटायचं शेठच्याच दुकानात ठरलं. म्हणून म्हणते, थोडा दोष माझा.

ती आली, हसत पिशवी काउंटरवर ठेवली आणि आत हात घातला. हात ओला. पाण्याच्या बाटलीचं झाकण एसटीत कधी सैल झालं होतं तिला कळलंच नव्हतं. वही बाहेर काढली तेव्हा तिच्यातून निळं पाणी गळत होतं. एकेक पान शेठनी सोडवलं. नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी पानं, एकसारखी फिकट निळी, अक्षर एकही नाही. त्यांनी भिंग लावलं, पान उजेडाला धरलं, मागून बोट फिरवून पाहिलं. पण विमलचा हात हलका. दाबाचा वळसुद्धा राहिला नव्हता.

विमल रडली नाही. ती सासूच्या औषधांच्या चिठ्ठीकडे बघत होती, तीही त्याच पिशवीत भिजली होती पण तिच्यावरची अक्षरं शाबूत होती. ‘डॉक्टरांनी बॉलपेननं लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘मी पण बॉलपेननं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, न्हाई का ओ शेठ?’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. साधा प्रश्न होता. शेठनी फळीवरून निळ्या शाईची बाटली काढली, चाळीस वर्षं विकलेली, आणि तिच्यावरचं लेबल भिंगानं वाचलं. ‘धुवून जाणारी,’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘लिहिलंय इथं. मी निबेला जपलं, बाई. हिच्या लिहिण्याला न्हाई जपलं.’

त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली की मी काहीतरी बोलून गेले. चूक बाटलीच्या झाकणाची, तुमची नव्हे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं नाही. विमलला एवढंच विचारलं, ‘आजी बोलतात का अजून?’

‘बोलतात. पण आता विसरतात. सकाळी मला माझं नाव विचारलं.’

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद. घरात कुणी गेल्याशिवाय ते दुकान बंद झालेलं पेठेनं पाहिलं नव्हतं, त्यामुळं दोघे-तिघे विचारपूस करायला घरी जाऊन आले. शेठ बोरीला गेले होते. ओतूरहून एसटीनं आळेफाटा, तिथून जीपनं बोरी. एका पिशवीत उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली, दुसऱ्या पिशवीत नवी वही, वडिलांचं पेन आणि ब्लू-ब्लॅक. दोन पिशव्या वेगवेगळ्या. पाणी आणि वही त्यांनी त्यानंतर एका पिशवीत कधी घातली नाही.

मग ते आठवड्यातून दोनदा जायला लागले. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, म्हणून चारच्या जीपनं निघावंच लागे. मिळायचे दोन-अडीच तास. मीही जमेल तेव्हा जायची. माझं काम फक्त आजीच्या कानाशी मोठ्यानं बोलायचं. लिहायचे ते शेठ. विमल म्हणाली, मी लिहिते. ते म्हणाले, ‘तुमचं लिहून झालंय एकदा. आता ही पाळी माझी.’

आजी पडवीत खाटेवर असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी शेठना निरखून बघितलं. ‘हा कुणाचा?’

‘ओतूरचा शेठ हाय, आजी,’ विमल म्हणाली.

‘माझ्या हातचा न्हाई. माझ्या हातची नाकं मी वळखते.’

शेठना हे फार आवडलं. त्यांनी आजींना तारीख कधी विचारली नाही. गिऱ्हाइकाला पेन निवडून देताना जसे चहूबाजूंनी यायचे तसेच आले. बाजरी उभी व्हती का काढलेली? पाणी तापवायला जळण काय व्हतं? दारात कोण बसलं व्हतं? एवढं विचारलं की आजींच्या डोक्यात दिवा लागायचा. ‘गवऱ्या ओल्या व्हत्या, लई धूर झाला. म्हंजी नागपंचमी झाली व्हती.’ मग शेठ शंभर वर्षांचं जुनं पंचांग काढून, साल जुळवून, तिथी लिहायचे. दर ओळीनंतर टोपण लावायचे. महिनाभरात वडिलांच्या पेनाची निब काळवंडली, मग तिच्या टोकाला खड्डे पडले. मी म्हटलं, अहो, त्या पेनाचं वाटोळं होतंय, निदान दुसरं घ्या. ‘पेन बाजारात मिळतं,’ एवढंच बोलले. हे वाक्य कांतीशेठच्या तोंडून! मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्यांनाही खरं वाटेना.

हिवाळा सरता सरता आजी थकल्या. एके दिवशी सलग नावं पटापट सांगू लागल्या. सुदाम? पोळ्याला. रखमा? पोळ्याला. बबन? पोळ्याच्या दिवशीच. विमल खूश. शेठनी सात ओळी लिहिल्या आणि टोपण लावलं.

‘आजी, एका गावात दर पोळ्याला एवढी बाळंतपणं?’

आजी उसळल्या. ‘मंग मी खोटं बोलते का?’

शेठ खाटेजवळ सरकले. ‘न्हाई ओ. पर मास्तरांनी सगळ्या गावाला एक जून दिला. आता तुमी सगळ्यांना पोळा देऊ नगा.’

म्हातारी आधी बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता खोकला आला तेव्हा विमलनं पाठ चोळली. शांत झाल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, ‘न्हाई आठवत रं बाबा. लिव तसं. न्हाई आठवत.’ इतक्या दिवसांत हे शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारले. शेठनी त्या सात ओळी एका रेघेनं खोडल्या आणि पुन्हा सात नावं लिहिली. नावापुढं जागा मोकळी ठेवली.

माझं नावही तसंच. आजींना माझी आई आठवत होती. ‘तुझी आई वरडली न्हाई, शालू. दात खाऊन बसली,’ एवढं सांगायच्या. दिवस मात्र येईना. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली, साल ठाऊक आहे, दिवस सांगणारं कुणी उरलं नाही. भिजलेल्या वहीत तो होता, विमलला पक्कं स्मरत होतं की तिनं लिहिला होता, पण काय लिहिला ते तिच्याही लक्षात नव्हतं. मी वरवर म्हणायची, राहू द्या शेठ, एक जूनला मुलांचे भरपूर मेसेज येतात, मला पुरे आहेत. ‘ते शाळेचं हाय,’ ते म्हणायचे. माझी ओळ मोकळी दिसली की दर वेळी त्यांचं बोट तिथं थांबायचं. मला तेव्हा बरं वाटायचं आणि वाईटही. साठीला आलेल्या बाईनं अशा गोष्टीसाठी जीव टाकावा का? पण टाकत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

चैत्रात आजी गेल्या. वही पाऊण भरली होती.

दहावा कुकडीच्या काठी झाला. बोरीच्या माणसांचा असा दहावा मी पाहिला नाही. मुंबई, पुणे, नारायणगाव, जिथं जिथं आजींच्या हातची नाकं गेली होती तिथून लोक आले होते. शेठ ओतूरहून आले आणि घाटाच्या कडेला, जरा लांब, एका पायरीवर बसले. पंचांगाची पिशवी मांडीवर. विमलनं वही आणली होती, शेठना परत करायची म्हणून. पण तिच्या हातातून कुणीतरी ती घेतली, उघडली आणि मोठ्यानं वाचलं. मग काय, वहीभोवती माणसांचं कोंडाळं.

सगळ्यांनी नुकतीच तिलांजली दिलेली. हात ओले, बायांचे पदर ओले, पुरुषांच्या अंगावरून नदीचं पाणी ठिबकतंय आणि वही या हातातून त्या हातात. मी घाबरून ओरडले, ‘अरे, हात पुसा!’ कुणी ऐकेना. साठीचा एक गडी आपल्या ओळीवर ओलं बोट ठेवून उभा होता. ‘आयला, मी श्रावणातला!’ म्हणत होता. त्याच्या कोपरावरून थेंब पडला तो थेट पानावर. मी शेठकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या गड्यानं पंचानं पान टिपलं आणि पुढच्याला वाचायला दिलं. ओळ होती तशी होती. मी जाऊन शेठना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि एक मोठा श्वास सोडला.

मग वाचणारा मोकळ्या ओळींशी आला. ‘सुदाम. पुढं काय न्हाई लिहिलेलं.’ गर्दीतून एका म्हाताऱ्यानं काठी वर केली. ‘सुदामचं मी सांगतो. त्याच दिवशी आमच्या हिरीला पाणी लागलं. बापानं नारळ फोडला व्हता, रंगपंचमी व्हती.’ दुसऱ्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, ‘अन् रखमाचं मला इचारा!’ एकदम दहा-बारा माणसं बोलायला लागली. आपला जन्म कुणालाच आठवत नव्हता, पण शेजारच्याचा प्रत्येकाला काही ना काही आठवत होता.

शेठ पायरीवरून उठले, कोंडाळ्यात शिरले, वही ओढून घेतली आणि तिथंच मातीत मांडी घालून बसले. ‘एकेक जण बोला. आन् गप्पा नगं, रानात काय व्हतं ते सांगा.’

पुढच्या आठवड्यात मी मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले, ती चार महिन्यांनी परतले. तोवर शेठ नव्हते. त्यामुळं माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या घाटावरचं, ओल्या माणसांच्या घोळक्यात मान खाली घालून लिहिणाऱ्या कांतीशेठचं. चारची जीप त्या दिवशी निघून गेली. दिवस कलला. वहिनींचा फोन येत होता, ते मला म्हणाले, ‘सांगा त्यांना, आज उपास.’

ऊन उतरता उतरता आमच्या आळीतल्या हौसाकाकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्या आईची मैत्रीण. आता ऐंशीच्या पुढं, मुलाकडे भोसरीला असतात. ‘तुझी ओळ मोकळी हाय म्हणं?’ त्यांनी विचारलं. ‘अगं, मला इचारायचं की. माझ्या हळदीच्या दिवशी झालीस तू. तुझी आई जात्यावर हळद दळायला बसली व्हती आन् मधूनच उठून गेली. मी अंगाला हळद घेऊन तुमच्या दारात पळत आले बघायला, म्हणून माझ्या सासरच्यांनी केवढा कालवा केला!’

‘दिवस?’ शेठनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

‘माघी पुनवेला लगीन. हळद आदल्या दिवशी.’

त्यांनी पंचांग उघडलं, साल लावलं, दोनदा पडताळून पाहिलं. मग वही गुडघ्यावर घेतली. त्या खड्डे पडलेल्या निबेनं, सावकाश, माझ्या नावापुढं लिहिलं, माघ शुद्ध चतुर्दशी. लिहिताना निब कागदावर करकरत होती. माझ्या आईचं नाव त्यांनी मला न विचारताच खाली लिहिलं.

मला राहवलं नाही. मी त्या ओळीवर ठेवायला बोट पुढं केलं, तर शेठनी माझं मनगट धरलं.

‘थांबा, बाई. ओली हाय अजून.’

मी हात मागं घेतला आणि ती वाळेपर्यंत त्यांच्या शेजारी मातीत बसून राहिले.